इंटरनेटच्या तक्रारीत प्रकाशाचे मोजमापही नोंदवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरच्या ब्रॉडबँडची तक्रार केली की फोनवर ‘राउटर दोन मिनिटे बंद ठेवून चालू करा’ असे सांगतात. माणूस घरी आलाच, तर मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो, ‘बघा, नव्वद येतेय’ म्हणतो आणि तक्रार बंद होते. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवरचा आवाज पुन्हा तुटू लागतो. घरगुती जोडण्यांची दुरुस्ती हेच आमचे काम आहे. पावसाळ्यात अशा तक्रारी वाढतात आणि त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे कारण चुकीच्या जागी शोधले जाते. दोष कसा शोधावा आणि तक्रार बंद करताना फायबरमधून (काचेच्या तारेतून) घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडाही का नोंदवावा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

स्पीड टेस्ट खोटे सांगत नाही, पण ती वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. तिचा सर्व्हर बहुधा त्याच शहरात, कित्येकदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो आणि ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून मोजते. माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते; वाटेत गळणारी पाकिटे, म्हणजेच पॅकेट लॉस, त्यात झाकली जातात. प्रत्यक्ष वापरात मात्र हीच गळती महागात पडते. पाकीट हरवले की टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवण्याची नियमपद्धत, ‘रस्ता भरला आहे’ असे समजून वेग खाली आणते. रेनो या जुन्या पद्धतीच्या गणिताने १ टक्का पाकिटे हरवत असतील आणि जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागत असतील, तर एका जोडणीला दीड एमबीपीएसच्या आसपासच वेग मिळतो, मग प्लॅन १०० चा असो की ३०० चा. तोच १ टक्का, पण १० मिलिसेकंदांवर, तर सुमारे १४ एमबीपीएस. आजकालच्या पद्धती याहून बऱ्या वागतात, तरी जवळचा सर्व्हर सुसाट आणि परदेशातला रखडलेला, हे चित्र येते ते यातूनच. व्हिडिओ कॉलमध्ये तर हरवलेले पाकीट पुन्हा मागवायला वेळच नसतो, आवाज थेट तुटतो.

म्हणून पहिले काम गळती कुठे आहे ते शोधण्याचे. लॅपटॉप वायफायवर न ठेवता केबलने राउटरच्या लॅन पोर्टला जोडावा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग -एन २०० १९२.१६८.१.१’ असा आदेश द्यावा (पिंग म्हणजे छोटे पाकीट पाठवून उत्तर येते का ते पाहणे; अक्षरे आणि अंक अर्थात इंग्रजीत, राउटरचा पत्ता त्याच्या तळाशी छापलेला असतो, मॅक आणि लिनक्सवर ‘-एन’च्या जागी ‘-सी’). मग ‘ट्रेसर्ट ८.८.८.८’ (गूगलच्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेतले टप्पे दाखवणारा आदेश) चालवून राउटरनंतर दिसणारा पहिला पत्ता टिपावा. तो सेवा पुरवठादाराचा असतो. त्यालाही २०० पिंग, आणि शेवटी ८.८.८.८ ला २००. तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी एकाच वेळी चालवल्या तर उत्तम. सकाळी सातला एकदा आणि रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान एकदा असे हे करावे आणि आकडे वेळेसकट लिहून ठेवावेत. दोनशेत एखादे पाकीट गेले म्हणून घाबरू नये. चार-पाच जात असतील आणि पुन्हा पुन्हा जात असतील, तर दोष आहे.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. ट्रेसर्टमध्ये मधल्या एखाद्या टप्प्यावर तारांकने, म्हणजे उत्तर न आल्याच्या खुणा, दिसल्या की लोक त्याचाच फोटो काढून पाठवतात. मधले राउटर पिंगला उत्तर देणे हे दुय्यम काम मानतात आणि मुद्दाम कमी उत्तरे देतात. पुढच्या टप्प्यांवर गळती दिसत नसेल तर तो टप्पा निर्दोष आहे. एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकणारी गळतीच खरी. पुरवठादाराचा तो पहिला पत्ता पिंगला उत्तरच देत नसेल, तर पुढचा पत्ता घ्यावा.

केबलवर राउटरपर्यंत सगळे स्वच्छ आणि वायफायवर गळती, असे निघाले तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मजल्यावर वीस-पंचवीस राउटर त्यांतच कोंबलेले असतात. चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणावी, ५ गिगाहर्ट्झला वेगळे नाव द्यावे आणि टीव्ही, लॅपटॉप त्यावर घ्यावेत. मोबाइलवरच्या वायफाय ॲनालायझरमध्ये सिग्नल उणे ६७ डीबीएमपेक्षा (हे ताकदीचे माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमी) कमजोर असेल तर कॉल धड चालणार नाही. राउटर बहुतेक घरांत दाराशी किंवा टीव्हीच्या कपाटात असतो, कारण फायबर तिथेच येते. तो घराच्या मध्यावर, उघड्यावर आणि डोक्याच्या उंचीवर न्यावा. त्यासाठी लांबवायची ती लॅनची केबल. फायबर ओढू नये.

केबलने जोडूनही वेग नेमका ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकत असेल, तर पोर्ट किंवा तार १०० वर चालते आहे. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही तारा लागतात. काही ठिकाणी क्रिंप करताना (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) १, २, ३ आणि ६ एवढ्या चारच तारा जोडलेल्या सापडतात. कनेक्टर कापून पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने नवा बसवला की काम होते. हेच कारण असेल तर खर्च दहा-वीस रुपयांच्या कनेक्टरचा.

आता मुख्य भाग. राउटरपर्यंत ठीक आणि पुरवठादाराच्या पहिल्या पत्त्यापासून गळती, म्हणजे घराबाहेरचा फायबर, त्यावरचे जोड किंवा पलीकडचे यंत्र. घरातल्या ओएनटीच्या (फायबर ज्या यंत्राला जोडलेला असतो त्याच्या) ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावर, स्टेटसच्या खाली ऑप्टिकल किंवा पॉन माहितीत, ‘आरएक्स पॉवर’ नावाचा आकडा असतो. किती प्रकाश घरापर्यंत पोचतो, हे तो सांगतो. जीपॉनच्या (एका फायबरवरून अनेक घरे जोडणाऱ्या पद्धतीच्या) सर्वसाधारण बी-प्लस श्रेणीच्या ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएम इतका प्रकाश चालतो. उणे १८ ते उणे २३ असेल तर निवांत राहावे. उणे २६ असेल तर आज चालेल, उद्या ऊन-पावसात तुटेल. डेसिबलमध्ये ३ कमी म्हणजे प्रकाश निम्मा. हिशेब साधा आहे. एक्स्चेंजमधले ओएलटी, म्हणजे प्रकाश पाठवणारे कंपनीचे यंत्र, साधारण अधिक ३ डीबीएम सोडते, एक फायबर ३२ वाटांत विभागणारा १:३२ चा स्प्लिटर सुमारे १७ डेसिबल खातो, चार किलोमीटर फायबर दीडच्या आत, जोड आणि कनेक्टर मिळून दोनेक. उरतात उणे १७-१८. तुमच्याकडे उणे २६ दिसत असतील तर वाटेत आठ डेसिबल कुठेतरी सांडत आहेत आणि ते शोधता येतात.

ते सांडतात कुठे, तर खिळ्याभोवती घट्ट गुंडाळलेल्या तारेत, सरकत्या खिडकीत चिमटलेल्या जागी, भिंतीच्या कोपऱ्यावर स्टेपल मारून दाबलेल्या वळणावर. साध्या जी.६५२ फायबरला ३ सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण सोसत नाही. जी.६५७ प्रकारचा फायबर त्याहून लहान वळण सोसतो, पण जुन्या इमारतींत कोणता टाकला आहे हे बहुतेकांना माहीत नसते. दुसरी जागा कनेक्टर. हिरवा एपीसी आणि निळा यूपीसी हे दोन वेगळ्या प्रकारचे कनेक्टर एकमेकांत बसतात, म्हणून कुणी बसवतातही; मात्र टोके वेगळ्या कोनात घासलेली असल्याने मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. तिसरी जागा स्प्लायसिंग (फायबरची टोके वितळवून जोडणे) न करता लावलेला फास्ट कनेक्टर. आतली जेल उन्हात वाळली की आकडा महिन्यागणिक खाली येतो. आणि पावसात गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या डब्यात पाणी शिरते. काच पाण्याने बिघडत नाही. बिघडतात ते उघडे राहिलेले जोड. मिरवणुकीच्या किंवा मांडवाच्या उंचीसाठी बाजूला ओढलेली केबल चालू राहिली, तरी तिच्यात ताण आणि मुरड राहून जाते.

ग्राहकाने घरातले वळण सैल करावे आणि ॲडॉप्टरचे व्होल्टेज ओएनटीवर छापलेल्या आकड्याशी जुळते का ते पाहावे. चिमटीत धरून कनेक्टर काढू नये, त्यावर फुंकर मारू नये आणि फायबरच्या टोकात कधीही डोकावू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. सफाई क्लीनर पेनने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने लाइनमननेच करावी. त्याच्याकडच्या लाल लेझरने मुरडलेली जागा अंधारात लालसर उजळून दिसते. पाच मिनिटांचे काम.

फायबरऐवजी गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याची केबल घरात येत असेल, तर १०० मीटरची मर्यादा, पिळा मारून टेप लावलेले जोड आणि गंजलेले कनेक्टर यांवर संशय घ्यावा. ऑपरेटरला तुमच्या पोर्टवरचे ‘सीआरसी एरर’ (वाटेत बिघडून आलेल्या पाकिटांची मोजणी) वाढतात का ते विचारावे. वाढत असतील तर राउटर बदलून काही होणार नाही.

सकाळी शून्य गळती, रात्री दहाला पाच टक्के, आणि दोन्ही वेळी आरएक्स पॉवर तीच, हा पुरवठादाराच्या वरच्या जोडणीवरचा ताण आहे. घरात काहीही बदलले तरी तो जाणार नाही आणि ‘राउटर जुना झाला’ म्हणून नवा गळ्यात मारणे हे सरळ अन्यायाचे आहे. याउलट घरातले कुणी फोटोंचा बॅकअप घेत असतानाच पिंग ८ वरून ३०० मिलिसेकंदांवर जात असेल, तर राउटरमधला बफर, म्हणजे थांबलेल्या पाकिटांची रांग, तुंबतो आहे. राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे ही रांग आवरण्याची, सोय असेल तर वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी, फरक लगेच जाणवतो.

आमची मागणी याच्या पुढची आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्ता नियमांत पॅकेट लॉस १ टक्क्याहून कमी असावा असा मापदंड होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे एकत्रित नियम लागू झाले आहेत. पण असे मापदंड जाळ्याच्या सरासरीवर तपासले जातात. एका घरातली आठ टक्के गळती त्या सरासरीत कुठेच दिसत नाही. म्हणून तक्रार बंद करताना ग्राहकाला जाणाऱ्या संदेशात ‘समस्या सोडवली’ एवढेच न लिहिता चार आकडे द्यावेत: दुरुस्तीआधीची आणि नंतरची आरएक्स पॉवर, ओएनटीकडून ओएलटीला पोचणारी पॉवर, आणि पहिल्या टप्प्यापर्यंतची गळती. यातली ओएलटीकडची पॉवर ग्राहकाला पाहताच येत नाही. घरातला आकडा उत्तम असूनही वर जाणारी बाजू खराब असू शकते, आणि तो दोष ओएलटीवरच दिसतो.

तोवर वाचकांनी एवढे करावे. तक्रार करताना डॉकेट (तक्रार) क्रमांक घ्यावाच, आणि ‘नेट स्लो आहे’ न म्हणता ‘राउटरपर्यंत शून्य, पुढे चार टक्के, आरएक्स उणे २६.५, रात्री ९.४०’ असे लिहून द्यावे. निवारण पटले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नये. अपिलाला दोन्ही वेळच्या पिंगच्या नोंदी आणि ओएनटीच्या पानाचा फोटो जोडावा.

— ब्रॉडबँड दुरुस्ती क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, पुणे