मालवणचे फोटो

मुलुंड, ता. ९ जून २०२४

चि. मधुरास बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मालवणचे फोटो पाहून तू विचारलेस, की आजी एकाही फोटोत का दिसत नाही. त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत आटोपण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र.

सिंधुदुर्गावर आजी आलीच नाही. किल्ल्यापाशी उतरताना होडी लाटेबरोबर वर-खाली होते आणि ब्याऐंशीव्या वर्षी तिला त्या खटाटोपात घालायला माझे मन धजले नाही. आई तिच्या सोबतीला मालवणच्या धक्क्यावर थांबली, म्हणून तीही त्या फोटोंत नाही. ज्या फोटोत नुसती काळी तटबंदी दिसते आणि ज्याच्याखाली तू प्रश्नचिन्ह टाकलेस, तो मी मुद्दाम काढला आहे. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा वळवून बांधलेला आहे, की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो नजरेस पडत नाही. त्या फोटोच्या बरोबर मध्यभागी दरवाजा आहे, शोधून पाहा. आत शिरल्यावर महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा आहे, तो ओमने डोळे भरून पाहिला.

ओम विहिरीत वाकून बघतो आहे, ती दूधबाव. साखरबाव आणि दहीबाव तिच्या जवळच आहेत. चारी बाजूंनी समुद्र असताना पाणी गोड कसे, हे त्याने मला तीनदा विचारले. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी हलके असते, त्यामुळे बेटावर मुरलेला पाऊस खाली खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतो, आणि उपसा बेताचा असेल तर विहिरीला तेच पाणी लागते, असे मी त्याला सांगितले. त्याने होडीतल्या नावाड्याला ते जसेच्या तसे ऐकवले, तेव्हा मला फार बरे वाटले. हे कुठल्याच फोटोत नाही.

आता आजीचे सांगतो. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मी तिला मोरयाच्या धोंड्याकडे घेऊन गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याच्या बांधकामाचा मुहूर्त झाला, तो या खडकाची पूजा करून झाला असे मानतात. आम्ही गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हते. मी फोन काढताच ती म्हणाली, "ठेव रे तो, आधी माझा हात धर." खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. खाऱ्या वाऱ्याने त्यांच्या कडा झिजल्या आहेत, आणि तिला हल्ली दिसतेही कमी. तिने सूर्याच्या गोलावरून तर्जनी हळूहळू फिरवली, पूर्ण फेरा झाल्यावर बोट कपाळाला लावले आणि समोर किल्ल्याकडे पाहत बराच वेळ उभी राहिली. माझा हात तिच्या हातात होता, त्यामुळे फोटो राहिला, आणि त्याची मला खंत नाही.

१९९९ च्या मे महिन्यात आपण याच किल्ल्यावर गेलो होतो. छत्तीस फोटोंचा एक रोल आठवडाभर पुरवायचा होता, म्हणून तटावरचा तुझा आणि दादाचा एकच फोटो आहे, पण त्याच्या मागे आजीने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, "मधू वाऱ्याला घाबरली, मग उतरेना." यंदाचे दोनशे चौदा फोटो मी छापून घेणार नाही, त्यातले वीस निवडून घेईन आणि प्रत्येकाच्या मागे आजीकडून सांगून घेऊन एकेक ओळ लिहीन. तिची आठवण आज लख्ख आहे, तोवर हे काम उरकले पाहिजे.

तुम्ही सुट्टीत जर्मनीतल्या बोडनसे सरोवराला गेलात, त्याचे साठ फोटो आम्ही टीव्हीवर लावून पाहिले. माइनाऊ बेटावरची फुले आजीला फार आवडली. मात्र फोटोंबरोबर तू एक शब्दही लिहिला नाहीस, आणि आजी प्रत्येक फोटोला "इथे काय झालं?" असे विचारत राहिली. पुलाजवळच्या बाकावर आर्या बसली आहे, एका बुटाची नाडी सुटली आहे आणि डोळे भरलेले दिसतात. तिथे काय झाले होते, ते सविस्तर लिही. पत्र मी आजीला वाचून दाखवीन.

तुझे,
बाबा