दोघींची मिळून एक खार

लॉस एंजेलिस,
रविवार

ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "गो, कॉम्प्युटरातल्या चित्राक बाहुलीवालो कित्याक व्हयो?" तेवढ्यात लाइन तुटली. म्हणून आज सवडीने लिहायला बसले.

ॲनिमेशन कसं करतात ते मी तुम्हाला कुडाळला दाखवलं होतं. एकेक चौकट जमवायची, सेकंदाला चोवीस. इथे तसं नाही. माझा उजवा हात एका यांत्रिक पंजात असतो, चार बोटं वर आणि अंगठा खाली. अंगठा खाली गेला की पडद्यावरच्या खारीचा जबडा उघडतो, मनगट वळलं की मान वळते. भुवया आणि पापण्या डाव्या हाताकडे. धड आणि पाय दुसरी मुलगी चालवते. तिच्या अंगावर संगणकाला हालचाल कळावी म्हणून ठिपके लावलेला पोशाख असतो, ती चालली की खार चालते. दोघींची मिळून एक खार, त्यामुळे दचकायचं झालं तरी एकाच क्षणी दचकावं लागतं.

सुरुवातीचे तीन आठवडे मी फक्त तोंड उघडायला शिकले. नवशिक्याची वरची बोटं उडतात, मग डोकं मागे झटकतं आणि बाहुली शब्द चावते आहे असं वाटतं. माणूस बोलताना जबडाच खाली जातो, म्हणून अंगठाच हलवायचा. तोही स्वरावर. 'बाबा' म्हणताना 'ब'ला तोंड मिटलेलं, 'आ'ला उघडं. बसमध्ये मांडीवर हात ठेवून मी मनाचे श्लोक पुटपुटत हाच सराव करायचे. समोरचा स्क्रीनही आरशासारखा नसतो. खार माझ्या उजवीकडे वळवली तर स्क्रीनवर ती डावीकडे वळलेली दिसते, आणि आरशाची सवय लागलेला हात पहिल्यांदा हमखास चुकतो.

ही युक्ती आजची नाही. जिम हेन्सन या अमेरिकन बाहुलीकारांनी १९८९ साली टीव्हीवर वाल्डो नावाचं संगणकातलं पात्र असंच हाताने चालवून घेतलं. स्टीव्ह व्हिटमायर हे बाहुलीकार हात हलवत असताना स्क्रीनवर वाल्डोचं कच्चं चित्र लगेच दिसायचं, त्यामुळे खऱ्या बाहुल्यांच्या शेजारी त्याला तिथल्या तिथे अभिनय करता यायचा. चित्रावर शेवटचा हात नंतर फिरायचा. २००८ साली सुरू झालेल्या सिड नावाच्या मुलाच्या मालिकेतही एकेका पात्रामागे दोघं असत, आमच्यासारखीच.

गेल्या महिन्यात मात्र रडू आलं होतं. यंत्रात काहीतरी बिघडलं आणि खार माझ्या हातामागून पाव सेकंद उशिरा हलू लागली. पाव सेकंद म्हणजे किती, पण तेवढ्यात तिच्यातला जीवच गेला. मी घाईने पुढे हलवू लागले तर ती आणखी खोटी दिसली. दुरुस्ती होईपर्यंत दोन दिवस काम बंद होतं. चौकटी जमवताना चूक झाली तर मागे जाऊन सुधारता येते. इथे सगळं त्या क्षणी हातातून जावं लागतं, आणि मला तेच आवडतं. समोरचा नट अचानक हसला तर खारही त्याच दमात हसते. ते कुणी आधी ठरवलेलं नसतं.

त्या दोन दिवसांत मला पिंगुळीचं देऊळ सारखं आठवत होतं. मी सहा वर्षांची असेन, तुमच्या खांद्यावर. कळसूत्री राम धनुष्य उचलत होता आणि तुम्ही माझी हनुवटी धरून वर वळवलीत, "थंय नको, हातांकडे बघ." त्या काळोखात मला दोन करंगळ्या तेवढ्या दिसल्या होत्या. कळसूत्री बाहुल्यांचे कलाकार परशुराम गंगावण्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मी इथल्या सगळ्यांना अभिमानाने सांगितलं, हे आमच्या शेजारच्या गावचे.

एक काम कराल? पुढच्या वेळी पिंगुळीला जाल तेव्हा मानेचा दोरा कुठल्या बोटात असतो ते बघून ठेवा. तिथल्या मंडळींची हरकत नसेल तर बाळूला फोनवर चित्रण करायला सांगा. बाहुली नाही दिसली तरी चालेल, हात मात्र पूर्ण दिसायला हवेत, कोपरापासून.

आजीला नमस्कार. कोकमं पोचली.

तुमची लाडकी,
मनू