युरेनियम इथलं, वीज दुसऱ्यांची

अ‍ॅडलेड

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, जगातल्या ज्ञात युरेनियमपैकी पाव भागाहून जास्त ज्या ऑस्ट्रेलियात आहे, तिथे अणुवीज केंद्र एकही कसं नाही? तुमची सगळी नोकरी तारापूरला झाली. १९६९ पासून तिथे वीज तयार होतेय. तुम्हाला हे खटकणारच.

इथे कायद्यानेच बंदी आहे, १९९८-९९ पासून. खणायला मात्र आमच्या राज्यात मोकळीक आहे. आमच्या उत्तरेला साडेपाचशे किलोमीटरवर ऑलिंपिक डॅमच्या खाणीत तांब्याबरोबर युरेनियम निघतं. पिंपांत भरून ते इथल्याच बंदरातून परदेशी जातं. २०१४ च्या करारानंतर भारतालाही ते विकायची वाट मोकळी झाली. २०२५ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाने सात ठिकाणी अणुकेंद्रांचं वचन दिलं आणि तो हरला. मला तरी ती इथे होतील असं वाटत नाही. कायदा बदलून केंद्र उभं राहीपर्यंत पंधरा-वीस वर्षं सहज जातील, आणि आजच तीन घरांमागे एकावर सौर पॅनल आहेत. आमच्याही छपरावर आहेत. बाबा, तुमच्या कामाचा मला अभिमान आहे, तो तसाच राहील.

आई, हे तुझ्यासाठी. गेल्या जूनमध्ये आम्ही काकडूला, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय उद्यानाकडे, गेलो होतो. तिथल्या रेंजर या युरेनियमच्या खाणीची जमीन मिरार आदिवासींची. १९७६ च्या कायद्याने तिथल्या आदिवासींना खाण नाकारायचा हक्क मिळाला, पण त्यातून नेमकी रेंजरच वगळली! त्यांचा नकार कोणी मोजलाच नाही. शेजारच्या जबिलुकाला युरेनियमची नवी खाण होऊ नये म्हणून मात्र १९९८ मध्ये ते आठ महिने वाट अडवून बसले, हजारो माणसं त्यांच्या सोबतीला आली. २०२४ मध्ये सरकारने तिथल्या खाणपट्ट्याची मुदत वाढवून द्यायला नकार दिला.

ऐकताना सारखी तूच डोळ्यांपुढे येत होतीस. तुझं माहेर धरणाखाली गेलं, नव्या गावठाणात घरं मिळाली, तरी नवरात्रात नैवेद्य घेऊन तू पाण्याच्या काठावरच जातेस. रेंजर आता बंद आहे. एक खड्डा बुजवून त्यावर तिथलीच झाडं लावली आहेत. सगळी जमीन पुन्हा रानासारखी करून द्यायची, असं कंपनीवर बंधन आहे. अजून बरीच वर्षं लागतील, पण हे काम पुरं व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या जूनमध्ये दोघंही या. तेव्हा तिकडे पाऊस नसतो. बाबा, चालायचं खूप आहे, गुडघ्याचा पट्टा आठवणीने आणा.

तुमची,
मनू