गाडी पुण्यातच राहू दे

लातूर, बुधवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलास आणि संध्याकाळपर्यंत फोन केला नाहीस. शेवटी ताईनं कळवलं, पोचलाय. तोवर तुझी आई दारातच होती. ते उकरून काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

माझं चुकलं ते आधी लिहितो. आबांसाठी रक्त द्यायला आलास, तेव्हा रक्तपेढीत चार माणसांत तुझ्यावर ओरडायला नको होतं. पण तुझ्या पाकिटातलं ते रक्तदानाचं कार्ड दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. ऑफिसच्या शिबिरात रक्त देऊन तुला दोन महिनेही झाले नव्हते. पुरुषानं ९० दिवस थांबायचं असतं, हे तुला ठाऊक आहे. तरी 'सहा महिने झाले' म्हणून फॉर्मवर सही केलीस. त्यात रात्रपाळी करून, टेंभुर्णी-बार्शीच्या रस्त्यानं अंधारात मोटरसायकल हाणत आलेला. आणि दुपारी उपाशीपोटी पुन्हा तीच गाडी. वाटेत डुलकी लागली असती तर मी आबांना काय सांगितलं असतं?

बघ, परत तेच. माफ कर.

सख्ख्या नातवाचं रक्त आबांना चढवणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा तुझं तोंड उतरलं. मलाही पटलं नव्हतं. सोमवारी त्यांनी नीट सांगितलं. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोग्याच्या अंगाला परक्या वाटत नाहीत, म्हणून त्या तिथं तग धरतात आणि उलट त्याच्याच अंगावर उठतात. त्यामुळं किरणांनी त्या पेशी निकामी केल्याशिवाय असं रक्त चढवत नाहीत. तू दिलं असतंस तरी ते दुसऱ्या कुणाला गेलं असतं आणि आबांना परक्याचीच पिशवी मिळाली असती. तुझ्यात काही कमी आहे असं नाही रे.

आबांचं आता असं आहे. हाडांच्या मगजात रक्त तयार होतं, तिथलंच काम बिघडलंय. दिवाळीत महिन्याला एक पिशवी पुरायची, आता दहा दिवसांत हिमोग्लोबिन सहाच्या खाली येतं. एका पिशवीनं चढतं ते साधारण एक ग्रॅम. वर प्रत्येक पिशवीबरोबर अंगात लोह साठतं. ते काढायची गोळी पाण्यात विरघळवून सकाळी अनशापोटी द्यावी लागते. आबा त्याला खडूचं पाणी म्हणतात, पण पितात. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट १४ हजारांवर उतरल्यात. वस्तरा बंद केला, दाढी मी ट्रिमरनं करतो. सोमवारी त्यांना उठवताना दंडाला धरलं, तर काल तिथं माझी चार बोटं निळी उमटलेली. मी बाही खाली ओढली. म्हणाले, "राहू दे, दुखत नाही."

मागच्या तपासणीत कच्च्या पेशी १२ टक्के निघाल्या. २० झाल्या की त्याला ब्लड कॅन्सरच म्हणतात. हे आजीला सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

तू म्हणालास, आबा नव्हते का गेले सायकलवर किल्लारीला? गेले होते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आपण तेव्हा औशाला होतो. उजाडल्यावर बातमी आली तशी आबांनी सायकल काढली, मोठी आत्या तिकडंच दिलेली होती ना. तिसऱ्या दिवशी परत आले. धोतर मातीनं भरलेलं, हाताची नखं फुटलेली. आत्याचं काही बोललेच नाहीत. आजीनं पाण्याचा तांब्या दिला, तो तसाच हातात धरून ओसरीवर बसून राहिले. मी चौदा वर्षांचा. ते तीन दिवस मी दारात उभा होतो, ओंकार. तुला सायकलीची गोष्ट सगळ्यांनी सांगितली, दाराची कुणी सांगितली नाही.

तू आलास ते मला आवडलं नाही असं मात्र समजू नकोस. एका फोनवर पोरगं रातोरात आलं, हे मी अडतीवर चार जणांना सांगितलंय. त्यातले दोन हमाल आपण होऊन रक्त द्यायला तयार झाले.

शनिवारी पुढची पिशवी आहे. ती उतरायला तीन-चार तास लागतात, तेवढा वेळ आबा छताकडं बघत पडून असतात. तू जवळ बसलास तर बोलतात तरी. मुंबई-लातूर एक्सप्रेस रात्री पुण्याला लागते, सकाळी इथं. जागा नसली तर एसटीनं ये. रविवारी तू गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "पोरगं जेवलं का?" मी हो म्हणालो. शनिवारी ते तुलाच विचारतील.

तिकीट काढलंस की आईला कळव. गाडी पुण्यातच राहू दे.

तुझे बाबा

ता. क. हेल्मेटची काच तडकलेली दिसली. ती बदलून घे.