जहाजावरच्या जेवणाचा पोशाख आणि वाइनचा हिशेब

साउदॅम्प्टन

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

बाबांचे पत्र मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघे इकडे येणार आणि आपण चौघे मिळून ‘क्वीन मेरी २’ या जहाजाने साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाणार, हे आता ठरल्यातच जमा आहे. व्हिसाच्या कागदपत्रांचे तुमचे जावई पाहत आहेत, त्यामुळे त्याविषयी इथे लिहीत नाही. मात्र पत्रातले दोन प्रश्न वाचून वाटले की, फोनवर घाईत काहीतरी सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिलेले बरे. रात्रीच्या जेवणाला साहेबी सूट घालावाच लागतो का, हा पहिला प्रश्न. आणि टेबलाशी बसल्यावर वाइन मागवावीच लागते का, हा दुसरा. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या तुमच्या मित्रमंडळींनी या दोन्ही गोष्टी सक्तीच्या असल्याचे सांगून तुम्हाला बरेच घाबरवलेले दिसते. मी गेल्या वर्षी याच मार्गाने गेले असल्यामुळे जे पाहिले त्यावरून सांगते: पोशाखाचा नियम हा यजमानाच्या घरचा शिष्टाचार आहे आणि तो मनापासून पाळावा, वाइन हा जहाजाचा व्यापार आहे आणि त्याकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहावे. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर, सारख्याच अदबीने समोर येतात, म्हणून नवखा माणूस दोहोंपुढे सारखाच दबतो.

आधी पोशाखाचे. हे जहाज २००४ सालापासून चालू आहे, पण ज्या कंपनीचे ते आहे त्या क्युनार्डची पहिली आगबोट ‘ब्रिटानिया’ १८४० साली अटलांटिक ओलांडून गेली होती, आणि आजच्या जहाजावरील मुख्य भोजनगृहाला तिचेच नाव दिलेले आहे. विमाने येण्यापूर्वी समुद्र ओलांडणाऱ्या श्रीमंत प्रवाशांमध्ये रात्रीच्या जेवणाला नटूनथटून येण्याची रीत होती, ती या कंपनीने आजही सांभाळली आहे. सगळीकडे असे नसते. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० सालाच्या सुमारास औपचारिक पोशाखाची अपेक्षाच काढून टाकली, आणि भूमध्य समुद्रात किंवा कॅरिबियन बेटांकडे फिरणाऱ्या कितीतरी जहाजांवर लोक साधा शर्ट आणि पँट घालून जेवायला येतात. तेव्हा ‘क्रूझवर सूट लागतो’ असे सरसकट विधान कोणी केले तर ते खरे मानू नका. कोणते जहाज, हे आधी विचारावे.

आपल्या जहाजावर संध्याकाळी सहानंतर नियम लागू होतो. साधारण सात रात्रींच्या प्रवासात बहुधा दोन रात्री ‘गाला’ म्हणून ठरवलेल्या असतात. त्या रात्री पुरुषांनी काळे डिनर जॅकेट आणि बो टाय, किंवा गडद रंगाचा सूट आणि टाय घालावा, आणि स्त्रियांनी पायघोळ गाउन किंवा तशाच समारंभाचा पोशाख करावा, अशी अपेक्षा असते. एखाद्या गालाला काळ्या-पांढऱ्या रंगांचा किंवा मुखवट्यांचा विषय दिलेला असतो, परंतु तो ऐच्छिक असतो. मुखवटा न लावल्याबद्दल कोणी कोणाला अडवत नाही. उरलेल्या रात्री कॉलरचा शर्ट आणि पूर्ण लांबीची पँट हवीच, वर कोट असल्यास उत्तम, टाय मात्र ज्याची त्याची मर्जी. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा बनियन आणि चपला घालून संध्याकाळी मुख्य भोजनगृहात जाता येत नाही. बाबा, यातले चपलांचे कलम तुमच्यासाठी आहे. काळे चामडी बूट इथून घेण्यापेक्षा तिथेच घ्या आणि घरात महिनाभर वापरून पायाला बसवून आणा.

आता मुख्य मुद्दा असा की, या नियमात आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही मान्य आहे. आमच्या शेजारच्या टेबलावर एक वृद्ध स्कॉटिश गृहस्थ दोन्ही गाला रात्री किल्ट घालून येत असत आणि त्या अख्ख्या दालनात त्यांच्याइतके रुबाबदार दुसरे कोणी दिसत नव्हते. तेव्हा बाबांनी डिनर जॅकेट भाड्याने घेण्याच्या फंदात पडू नये. काळ्या किंवा गडद निळ्या कापडाचा बंद गळ्याचा जोधपुरी कोट आणि त्याच कापडाची पँट आपल्या नेहमीच्या शिंप्याकडून शिवून घ्यावी. ज्या सोलापुरात देशभरच्या शाळांचे गणवेश शिवले जातात, तिथल्या माणसाने कोट भाड्याने घ्यावा हे मला तरी पटत नाही. आईने तर काहीच नवे घेऊ नये. गालाच्या दोन रात्री पैठणी आणि इतर रात्री इरकली, एवढे पुष्कळ झाले. साडी नेसलेल्या बाईला तिथे पोशाखाविषयी एकदाही विचार करावा लागत नाही, याचे गाउन सांभाळणाऱ्या बायकांना थोडे वैषम्यच वाटत असावे, असा मला दाट संशय आहे. एक मात्र आहे: भोजनगृहात वातानुकूलन कडक असते आणि डेकवर वारा बोचतो, म्हणून एक चांगली शाल हवी, आणि जहाज हलते तेव्हा टाचांच्या चपलांवर साडी सावरणे कठीण जाते, म्हणून पादत्राणे सपाट असावीत. आपल्या खोलीत स्वतःची इस्त्री वापरायला आगीच्या भीतीने बंदी असते, पण जहाजावर प्रवाशांसाठी मोफत धुलाईघर आहे आणि तिथे इस्त्रीची सोय आहे, त्यामुळे घड्या मोडल्या म्हणून काळजी नको.

हा सगळा साहेबी तोरा आहे, असे बाबांनी पत्रात थोडे चिडूनच लिहिले आहे. मला तसे वाटत नाही. आपल्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारे मानकरी आणि भक्त पांढरी बाराबंदी घालतात, आणि त्या दिवशी गिरणी कामगार आणि पेढीचा मालक यांच्यात कपड्यांवरून फरक करता येत नाही. गाला रात्रीचे काळे कपडे काही अंशी हेच काम करतात. निवृत्त बसचालक आणि निवृत्त न्यायाधीश एकाच टेबलावर सारखेच दिसतात. फक्त इंग्रजांनी हे समतेचे काम अर्धवटच केले आहे, कारण जास्त भाड्याच्या खोल्या घेणाऱ्यांसाठी ‘प्रिन्सेस ग्रिल’ आणि ‘क्वीन्स ग्रिल’ अशी वेगळी भोजनगृहे आहेत, आणि तिथे आपल्याला कितीही चांगला कोट घातला तरी बसता येत नाही. एखाद्या रात्री कपडे करण्याचा अगदीच कंटाळा आला, तर ‘किंग्ज कोर्ट’ नावाच्या बुफेत किंवा ‘गोल्डन लायन’ या पबमध्ये साध्या कपड्यांत जेवता येते. जेवणाला कोणी मुकत नाही.

आता वाइनकडे येते, कारण खरी सावधगिरी इथे हवी. जेवण तिकिटात धरलेले असते. दारू, वाइन आणि बाटलीबंद पाणी नसते. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चढतानाच एक कार्ड मिळते, तेच खोलीची किल्ली आणि तेच खाते. काहीही मागवले की कार्ड दाखवायचे आणि पावतीवर सही करायची. सगळे डॉलरांत जमा होत जाते आणि शेवटी तुमच्या क्रेडिट कार्डातून वसूल होते. खिशातून नोट काढावी लागत नसल्यामुळे खर्चाचे भान सुटते, आणि ते सुटावे अशीच ती व्यवस्था आहे.

पहिल्या संध्याकाळी बसता क्षणी वेटर विचारील की, पाणी साधे हवे की बुडबुड्यांचे. दोन्ही बाटलीतली आणि दोन्ही पैशांची. त्याला सरळ सांगावे की, नळाचे पाणी बर्फ घालून द्या. ते मोफत मिळते आणि उत्तम असते. त्यानंतर वाइनचा वेगळा वेटर येतो, जाडजूड यादी हातात देतो आणि नम्रपणे उभा राहतो. तुम्ही ‘आज नको, आभारी आहे’ एवढे म्हटले की तो तितक्याच नम्रपणे पुढच्या टेबलाकडे जातो. वाइन न घेणाऱ्यांची संख्या बरीच असते आणि त्यांच्या ताटात काही कमी पडत नाही. आई, तू हे नीट लक्षात ठेव, कारण रिकामा ग्लास समोर असल्याचा संकोच वाटून तू नको असलेले काहीतरी मागवशील, अशी मला भीती आहे. ग्लास उचलून घ्यायला सांगितला तर ते लगेच उचलतात.

बाबांना एखादा ग्लास घ्यायचा असेल, तर त्याचा हिशेब असा. बाटली ७५० मिलिलिटरची असते. १५० मिलिलिटरचा ग्लास धरला तर तिच्यात पाच ग्लास बसतात. सुट्या ग्लासांपेक्षा बाटली बहुधा स्वस्त पडते, आणि ती एका बैठकीत संपवण्याचे बंधन नसते. उरलेली बाटली बूच लावून, खोलीचा क्रमांक लिहून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी मागितली की आणून देतात. तुम्ही आणि तुमचे जावई मिळून एक बाटली दोन रात्री सहज पुरवाल. छापील किमतीवर सेवाशुल्क आपोआप चढते. ते कंपनीप्रमाणे साधारण १५ ते २० टक्के असते. म्हणजे ४० डॉलरची बाटली १५ टक्क्यांच्या दराने ४६ डॉलरला पडते. शिवाय पावतीवर वेगळ्या बक्षिसीसाठी एक कोरी ओळ असू शकते. तिथे काही लिहिलेच पाहिजे असे नाही, कारण सेवाशुल्क आधीच धरलेले असते. तिथे भिडेखातर रक्कम लिहून एकाच सेवेचे पैसे दोनदा देणारी चांगली शिकलेली माणसे मी पाहिली आहेत.

रोजच्या पेयांचे ठोक पॅकेज घेण्याचा आग्रह निघण्याआधीपासून होत राहील. ते आपण घेणार नाही. बऱ्याच कंपन्यांत एका खोलीतल्या सर्व प्रौढांनी ते घेतलेच पाहिजे अशी अट असते, म्हणजे आईने थेंबही न घेता तिचे पैसे भरायचे. दिवसाला पाच-सहा पेये घेणाऱ्यालाच ते परवडते. तो विषय इथेच संपवते.

बाटली उघडताना एक छोटासा विधी होतो. वेटर आधी लेबल दाखवतो, ते आपण मागितलेल्याच वाइनचे आणि त्याच सालचे आहे ना, एवढेच पाहायचे. मग तो तळाशी घोटभर ओततो. तो घोट आवड-निवड सांगण्यासाठी नसतो. खराब बुचामुळे काही बाटल्यांना ओल धरलेल्या वर्तमानपत्रासारखा कुबट वास येतो, तसा वास नाही एवढी खात्री करून मान हलवायची. वास आला तर बिनदिक्कत सांगावे, बाटली बदलून मिळते. फिरकीचे झाकण असलेल्या बाटलीत हा दोष क्वचितच सापडतो. न्यूझीलंडच्या चांगल्या वाइनसुद्धा तशाच झाकणाच्या येतात, त्यामुळे झाकण पाहून तिला हलकी समजू नये.

आपल्या घराच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सगळी वाइन शाकाहारी नसते. गढूळपणा काढण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात. युरोपात आणि ब्रिटनमध्ये अंडे किंवा दूध वापरून त्याचा अंश राहिला असेल तर लेबलवर लिहावे लागते, परंतु माशाच्या त्या पदार्थाला या नियमातून सूट आहे. म्हणून लेबलवर काही नाही एवढ्यावर विसंबू नये. वाइनच्या वेटरला ‘व्हीगन’ कोणती, असे विचारावे; यादीत अशा बऱ्याच सापडतात. बाबांचा श्रावण आणि सोमवार तुम्ही ठरवाल तसा.

दुसरा मार्ग स्वतःची बाटली नेण्याचा. अनेक कंपन्या चढताना दर प्रौढामागे ७५० मिलिलिटरची एक बाटली नेऊ देतात, मात्र ती भोजनगृहात उघडली तर बूच उघडण्याचे शुल्क लावतात. आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीचे द्राक्षमळे आहेत, तिथली एक बाटली बाबांनी बरोबर आणली तर अटलांटिकच्या मध्यावर सोलापूर जिल्ह्याची वाइन टेबलावर ठेवण्याची हौस मला जरूर आहे. शुल्काचे पैसे मी देईन. विमानात ती मोठ्या बॅगेत, चादरीत गुंडाळून ठेवावी. एवीतेवी तुम्ही चादरी आणणारच आहात. आणि महाराष्ट्र सरकारचा तो दारू पिण्याचा परवाना, जो बाबा कपाटात जपून ठेवतात, तो आणण्याची गरज नाही. या जहाजावर वयाची १८ वर्षे पूर्ण झाली एवढे पुरते.

आठ जणांच्या टेबलावर बसलो तर प्रत्येक जण आपापल्या पावतीवर सही करतो. शेजाऱ्याने आपल्या बाटलीतून बाबांना ग्लास भरून दिला, तर पुढच्या रात्री आपण त्यांना द्यावा. पण हॉटेलात बिलासाठी जशी ओढाओढ करता, तशी तिथे करू नये, समोरचा माणूस गोंधळून जातो.

उत्तरात तीन गोष्टी कळवाव्यात. जेवणाची पहिली पाळी सहाची आणि दुसरी साडेआठची असते; बाबांच्या साखरेच्या गोळ्यांच्या वेळेला कोणती सोयीची पडेल ते डॉक्टरांना विचारावे. टेबल आपल्या चौघांचे वेगळे हवे की आठ जणांचे चालेल, ते आईने ठरवावे. आणि जोधपुरी कोटाचे कापड घेण्यापूर्वी त्याचा फोटो पाठवावा, कारण बाबा पुन्हा बिस्किटी रंग निवडतील.

तुमची लेक