टायरच्या हवेचा आकडा गाडीवरच दाखवून देणाऱ्या जालन्याच्या मामांना

नमस्कार मामा,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही हे माहितीये. पण आभार चारचौघांत मानायचे होते म्हणून हे पत्र. मे महिन्यात संध्याकाळी आईबाबांना घेऊन तुमच्या दुकानावर थांबलेली मी, दुसऱ्या दिवशी समृद्धीवरून नागपूरला निघायचं होतं, आठवलं ना?

त्या आठवड्यात मी ज्याला ज्याला विचारलं त्याने वेगळाच आकडा सांगितला होता. पेट्रोल पंपावरचा पोरगा म्हणे 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सगळ्यांना चालतं, शेजारचे काका म्हणे उन्हाळा आहे, गरम होऊन हवा फुगते, 28 च ठेव, आणि एका दुकानात तर टायरवर लिहिलंय तेवढी भरा म्हणून सांगितलं. तुम्ही यातलं काहीच केलं नाही, आकडा सांगितलाच नाही. ड्रायव्हरचा दरवाजा उघडायला लावला, आतल्या खांबावरचं स्टिकर बोटाने पुसलंत आणि म्हणालात, "ताई, तुम्हीच वाचा." भाऊ शेजारी उभा होता तरी तुम्ही माझ्याशीच बोलत होतात, गाडी मी चालवते म्हणून. हे मला फार मोलाचं वाटलं मामा, गॅरेजमध्ये सहसा असं होत नाही.

स्टिकरवर दोन साइज होत्या, मग टायरच्या बाजूला 185/65 आर15 लिहिलेलं वाचून तीच ओळ धरायची हे तुम्ही दाखवलं. तिथं दोन-तीन माणसं असतील तर 230 किलोपास्कल म्हणजे साधारण 33 पीएसआय, आणि गाडी फुल भरलेली असेल तर मागच्या टायरला 250, म्हणजे 36. आम्ही पाच जण, वर डिकीत आमरसाचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि दोन मोठ्या बॅगा, म्हणजे आमची ओळ दुसरीच होती की! आणि टायरवर जो मोठा आकडा असतो ना, तो त्या टायरची कमाल हद्द असते, तेच टायर चार वेगळ्या गाड्यांना बसतं मग गाडीला किती हवी ते टायरला कसं कळणार, हे तुमचं वाक्य मी तेव्हापासून कितीतरी लोकांना ऐकवलंय.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी. तुम्ही त्या संध्याकाळी हवा भरलीच नाही. गाडी उन्हातून आली होती, टायरला हात लावला तर चटका बसत होता, तुम्ही म्हणालात आत्ता मीटर तीन-चार पीएसआय जास्तच दाखवेल, स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो, निदान तीन तास गाडी उभी असली पाहिजे, आणि गरम टायरची हवा कधी काढायची नाही, सकाळी कमी पडते. दुसरा कोणी असता तर भरून पैसे घेऊन मोकळा झाला असता, तुम्ही मात्र सकाळी सहाला या म्हणालात आणि खरंच सहाला शटर वर केलेलं होतं, मावशीचं घर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे टायर गारच राहिले.

आणि सकाळी बघितलं तर डावं मागचं 27! बाकी तिन्ही 32 च्या आसपास. तुम्ही वॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि बारीक बारीक बुडबुडे यायला लागले, आईपण वाकून बघत होती. पिन बदलली, नवीन टोपी लावली, परत थेंब टाकून बघितलं, मगच पुढे. स्वतःचे दोन मीटर लावून आकडा ताडून बघणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची का हे बाबांनी विचारलं तेव्हा तुम्ही शांतपणे समजावलंत की कमी हवेचं टायर चालताना बाजूने जास्त दबतं, सारखं दबून-सुटून आतूनच तापतं, आणि सिमेंटच्या रस्त्यावर शंभर-एकशेवीसच्या स्पीडने तासन्‌तास गेलं की तिथंच फुटायची भीती असते. गरम झाल्यावर हवा फुगते ती कंपनीने आकडा ठरवतानाच धरलेली असते. बाबा कोणाचं सहजासहजी ऐकत नाहीत, तुमचं ऐकलं. 27 वरचं ते टायर, वरून पाच माणसांचं वजन आणि साडेतीनशेच्या घरात किलोमीटर, मला अजून विचार केला की धस्स होतं.

नायट्रोजनचं पण विचारलं होतं मी. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, भरायचा तर भरा पण महिन्यातून एकदा चेक करणं त्याने चुकत नाही, असं म्हणालात. विकायला सिलेंडर दुकानात असूनसुद्धा!

पैसे फक्त पिनचे घेतले. हवेचे द्यायला लागले तर हात जोडले.

आता मी स्वतःचा मीटर घेतलाय, डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो, महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गाडी काढायच्या आधी चारही टायर आणि स्टेपनी बघते. सोसायटीतल्या दोघीतिघींना त्यांच्या गाडीचं स्टिकर शोधून दिलंय, एकीचं पेट्रोलच्या झाकणाच्या आत निघालं.

दिवाळीत मावशीकडे येणार आहोत. स्टेपनीवरचे शेवटचे चार आकडे तुम्ही सांगितले तसे वाचले, 2317 आहेत, म्हणजे टायर बनलंय 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यात. ते टायर बदलायला तुमच्याकडेच आणते, सकाळी सहालाच येईन.

तुमची,
नागपूरची ताई