‘विंगेजवळ’ या एका शब्दासाठी थांबलात, त्याबद्दल

दादा,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. ५ नोव्हेंबर २०२३, रविवार. सांगलीत भावे नाट्यमंदिराच्या दारावर तुम्ही उभे होता. राखाडी सफारी, छातीवर बिल्ला, हातात बॅटरी. आत प्रशांत दामल्यांना विष्णुदास भावे गौरव पदक मिळणार होतं आणि बाहेर निम्मी सांगली लोटली होती. त्या गर्दीत एक बाई व्हीलचेअर ढकलत आली, ती मी. खुर्चीत होते ते माझे बाबा. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही देव जाणे, पण तीन आठवडे डोक्यात घोळतंय, तेव्हा लिहूनच टाकते.

बाबा मूळचे सांगलीचे. नोकरी बँकेत, पण कुणी ‘काय करता’ विचारलं की ‘प्रॉम्प्टर’ म्हणायचे. हौशी संस्था, बँक सुटल्यावर तालमी, राज्य नाट्य स्पर्धेच्या आधीचा महिनाभर घरात फक्त झोपायला येणं. आईनं यावर जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलंय, मी पुन्हा म्हणत नाही. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, स्टुलावर बसायचे, मांडीवर वही, वहीवर पेन्सिल बॅटरी. नटाला शब्द द्यायची घाई करायची नाही, हा त्यांचा नियम. आधी ओळखायचं, गडी विसरलाय की थांबलाय. विसरला असेल तर पहिलं अक्षर पुरतं. थांबला असेल आणि तुम्ही शब्द फेकलात, तर त्याचा पॉझ मेला आणि नाटकही थोडं मेलं. दामले त्यांना आवडतात तेसुद्धा याच हिशेबानं. साडेबारा हजार प्रयोगांचा आकडा बाबांच्या लेखी दुय्यम. हशा पिकल्यावर तो पुरता वसूल होईपर्यंत हा माणूस पुढचं वाक्य घेत नाही, हे खरं.

५ नोव्हेंबर आमच्याकडे सणच. १८४३ साली विष्णुदासांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं इथंच ‘सीता स्वयंवर’ हे पहिलं मराठी नाटक उभं केलं, म्हणून तो रंगभूमी दिन. दिवाळी आगेमागे असते, त्यामुळे चकलीचा पहिला घाणा त्या दिवशी निघायचा आणि संध्याकाळी भावेला जायचं. पदक कुणाला मिळणार यावर आधी महिनाभर वाद. लोक क्रिकेटच्या संघावर भांडतात तसे बाबा आणि त्यांचे दोस्त पदकावर भांडायचे. पहिलं पदक १९६० साली बालगंधर्वांना दिलं, तेव्हा बाबा अकरा वर्षांचे. ‘शाळा बुडते’ म्हणून आजोबांनी बरोबर नेलं नाही, हा राग त्यांनी आजोबांच्या तेराव्यालाही बोलून दाखवला होता. मग त्याची भरपाई म्हणून की काय, मानकऱ्यांची यादी आरतीसारखी पाठ. बालगंधर्व, केशवराव दाते, दुर्गाबाई खोटे, पु. ल., पणशीकर, डॉक्टर लागू… आम्ही पोरं मधलं एखादं नाव गाळून म्हणायचो, ते लगेच पकडायचे.

अडीच वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं अडखळलं. शब्द आहेत, सगळे जागेवर आहेत, येतात उशिरा. आणि तेवढा वेळ कुणाकडे नाही. बाबांनी ‘पा’ म्हटलं की समोरचा ‘पाणी? पाय? पावडर?’ अशी फैर झाडतो. बाबा मान हलवतात, मग हळूहळू तीही हलवायची सोडतात. मीही यात आहे, दादा. सकाळी कामावर पळायचं असतं, मीच वाक्यं पुरी करते. आता सगळं जग त्यांचं प्रॉम्प्टर झालंय आणि एकालाही ते काम येत नाही.

पुण्यात मागच्या वर्षी त्यांना एका नाटकाला नेलं होतं. नाट्यगृहाचं नाव लिहीत नाही. दारावरच्या माणसानं त्यांच्या डोक्यावरून मला विचारलं, ‘पेशंटला कशाला आणलं? आवाज-बिवाज करतात का?’ आम्ही दोन तिकिटं काढली होती, चांगली पुढची. मध्यंतरातच घरी आलो. तरी ते परके होते. ज्या संस्थेसाठी बाबांनी वीस वर्षं विंगेत डास मारले, तिथले एक ज्येष्ठ रंगकर्मी भेटायला आले, तासभर बसले, चहा-पोहे झाले, आणि बाबांसमोर मला विचारलं, ‘काही कळतं का गं यांना?’ बाबांना कळलं. सगळं कळलं. ते गेल्यावर त्यांनी पोह्यांची ताटली डाव्या हातानं भिंतीकडे सरकवली, एवढंच.

म्हणून सांगलीला यायचं मी टाळत होते. हट्ट त्यांचा. डाव्या हातानं कॅलेंडरवरच्या पाच तारखेवर बोट ठेवून बसायचे.

दारावर आलो तेव्हा मी नेहमीचं भाषण तयार ठेवलं होतं: हे शांत बसतात, त्रास देत नाहीत, कडेला कुठंही चालेल. तुम्ही ते ऐकलंच नाहीत. तुम्ही खुर्चीसमोर उकिडवे बसलात, बॅटरी काखेत धरलीत आणि बाबांना विचारलंत, ‘काका, कुठं बसनार?’

बाबा म्हणाले, ‘वि…’

मागे रांग होती. एक जण ‘ओ, चला की पुढं’ म्हणाला. बाबांच्या गळ्याची शीर ताठ झाली, ओठ जुळले, सुटले. पुन्हा ‘वि… वि…’ मला वाटलं, व्हीलचेअर म्हणतायत, कडेला लावा असं सांगायचंय. माझं तोंड उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत, नुसता हात वर केलात. रागानं नव्हे. तालमीत दिग्दर्शक करतो तसा. आणि मागच्या माणसाला म्हणालात, ‘बोलाय लागलेत न्हवं? गडबड न्हाई.’

मग परत बाबांकडे. चेहऱ्यावर ना कीव, ना ते लहान पोराला धीर देणारं हसू. नुसते वाट बघत होता.

‘विंगे…जवळ,’ बाबा म्हणाले.

‘डावी का उजवी?’

‘डावी.’ हा शब्द मात्र एका दमात आला.

मी व्हीलचेअर म्हणणार होते, दादा. ते मान हलवून गप्प बसले असते आणि मी त्यांना कुठंतरी मागे कडेला नेऊन लावलं असतं. वर समाधानही मानलं असतं.

पुढं तुम्ही काय खटपट केलीत, कुठल्या खुर्च्या सरकवल्या, कुणाशी बोललात, ते मी बघितलं नाही. तेव्हा मी डोळे पुसत होते. आम्ही डावीकडे, अगदी पुढे, अशा कोनात बसलो की पडद्याच्या फटीतून विंगेतला अंधार दिसत होता. सोहळ्यातली भाषणं वगैरे पेपरात आली आहेत. दामले आल्यावर टाळ्या इतक्या वाजल्या की बाबांनीही डाव्या हातानं मांडी बडवली. पण निम्मा वेळ ते त्या फटीकडेच बघत होते. तिथं काळ्या शर्टातलं एक पोरगं हातात कागद घेऊन उभं होतं, अंग चोरून. बाबांनी मला कोपरानं ढोसलं. ‘मी,’ म्हणाले.

परत येताना कराडच्या पुढं त्यांनी आपणहून एक जुना विनोद सांगितला. विष्णुदासांच्या खेळात सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपलं बोलणं आयत्या वेळी रचायची. संवादांची वहीच नव्हती. त्यावर बाबा नेहमी म्हणायचे, त्या कंपनीत मला नोकरी मिळाली नसती. हा एवढा विनोद पुरा व्हायला साताऱ्याचा फाटा आला. ड्रायव्हरनं गाण्यांचा आवाज कमी केला होता आणि मी एकही शब्द पुरवला नाही. ओठ दाताखाली धरून बसले होते, पण नाही पुरवला.

पदकं मिळतात ती थोरामोठ्यांना, मिळावीतच. मला मात्र तेव्हापासून अशी माणसं दिसायला लागली आहेत: आमच्या भाजीवालीला बाबा सुटे पैसे मोजेस्तोवर काही घाई नसते, कोपऱ्यावरचा केमिस्ट चिठ्ठी माझ्या हातात न देता त्यांच्या हातात देतो. आधीही ती तिथंच होती बहुतेक. मी आमच्या दुःखात इतकी गुंतलेली की लक्ष गेलं नाही.

पुढच्या पाच नोव्हेंबरला आम्ही येतोय. पदक कुणालाही मिळो. डावी बाजू धरून ठेवा.

हे पत्र बाबांना वाचून दाखवलं. मध्येच थांबवून म्हणाले, नाव नाही तर त्यांना कळणार कसं की आपल्यालाच लिहिलंय? एक खूण घाल. खूण कोणती, ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला. माझ्या काही लक्षात आलं नव्हतं, पण विंगेतल्या माणसाची नजर. तर दादा, त्या दिवशी तुमचा बिल्ला उलटा लागला होता.

तुमची,
व्हीलचेअर ढकलणारी